विंडोजचा सर्च इंडेक्स मूळ सेटिंगवर आणताना

फाइल फोल्डरात डोळ्यांसमोर दिसते आहे. तिचं नाव सर्चच्या चौकटीत अक्षर न अक्षर बरोबर टाकलं आहे. तरी उत्तर येतं की जुळणारं काही सापडलं नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा. हार्ड डिस्क बिघडली की काय, फाइल उडाली की काय, अशी धास्ती घेण्याआधी एक गोष्ट ध्यानात घ्यावी: विंडोज शोध घेताना सहसा फाइली उघडून बघत नाही. पुस्तकाच्या शेवटी शब्दसूची असते तशी एक सूची, म्हणजेच इंडेक्स, त्याने आधीच करून ठेवलेली असते आणि तो त्या सूचीत बघतो. फाइल डिस्कवर शाबूत आहे आणि सूचीत नाही, एवढाच याचा अर्थ.

ज्या संगणकावर हे काम केलं तो हिशेबाच्या कामाचा, विंडोज ११ असलेला, एकाच डिस्कचे सी आणि डी असे दोन भाग केलेला. 'सगळंच सापडलं पाहिजे' म्हणून कुणीतरी दोन्ही ड्राइव्ह इंडेक्समध्ये अख्खेच्या अख्खे टाकलेले. सूचीतल्या नोंदींचा आकडा पाच लाखांच्या वर जाऊन अडकलेला. दोनदा रीबिल्ड करून झालेलं आणि दोन्ही वेळा पहिले पाढे पंचावन्न.

इथेच बहुतेकांची गल्लत होते. रीबिल्ड आणि रीसेट ही दोन वेगळी कामं आहेत. रीबिल्ड जुनी सूची फेकून देतं आणि नवी बनवतं, पण कोणते फोल्डर घ्यायचे, कोणते गाळायचे, हे ठरलेलं तसंच राहतं. म्हणजे दोन अख्खे ड्राइव्ह निवडलेले असतील तर पुन्हा त्याच दोन ड्राइव्हची तेवढीच अवजड सूची तयार होणार आणि पुन्हा तिथेच अडकणार. रीसेटमध्ये सूचीही जाते आणि निवडही जाते. विंडोज नव्याने बसवल्यावर जी निवड असते ती परत येते. सूची फक्त खराब झाली असेल, म्हणजे वीज गेल्याने किंवा संगणक बळंच बंद केल्याने, तर रीबिल्ड पुरतं. निवडच बिघडली असेल किंवा काय काय बदललं याचा कुणालाच पत्ता नसेल, तर रीसेट करावा. आजच्या विंडोजच्या इंडेक्सिंगच्या खिडकीत रीबिल्डचं बटण आहे, पण 'सगळं मूळपदावर आणा' असं बटण नाही. ते रजिस्ट्रीतून, म्हणजे विंडोज आपली सेटिंगं जिथे साठवतं तिथून, करावं लागतं.

कामाला हात घालण्याआधी दुखणं इंडेक्सचंच आहे ना, हे पाहावं. टास्कबारवरची सर्चची चौकट उघडतच नाही किंवा उघडून पांढरी राहते, हे वेगळं दुखणं आहे. तिथे इंडेक्स रीसेट करून रात्र वाया जाते. चौकट नीट उघडते, अॅप सापडतात, पण फाइली किंवा फाइलींमधला मजकूर सापडत नाही, किंवा फार पूर्वी पुसलेल्या फाइली अजून यादीत येतात, तर इंडेक्सकडे बोट दाखवायला हरकत नाही. आणखी एक खूण आहे. एखाद्या फोल्डरात शोध घेताना वरच्या पत्त्याच्या पट्टीवर रंगीत रेघ सावकाश सरकत राहिली, तर तो फोल्डर सूचीत नाही आणि विंडोज एकेक फाइल चाळत बसलं आहे. सूचीतल्या फोल्डरात उत्तर झटकन येतं.

खात्री करायला एक चाचणीची फाइल बनवली. डॉक्युमेंट्स फोल्डरात नोटपॅडने नवी फाइल, नाव साधंच, आत मात्र असा एक शब्द जो संगणकावर दुसरीकडे कुठेही नसेल. मी 'चिंचोकाडबा' असा शब्द टाकला. सेव्ह करताना एन्कोडिंगच्या, म्हणजे अक्षरं साठवण्याच्या पद्धतींच्या, यादीतून बीओएमसह यूटीएफ-८ निवडलं. मे २०१९ मध्ये आलेल्या विंडोज १० च्या १९०३ आवृत्तीपासून नोटपॅड आपणहून यूटीएफ-८ वापरतं, पण बीओएम म्हणजे फाइलीच्या तोंडाशी असलेली मजकुराच्या जातीची खूण. ती असली की देवनागरी वाचताना गोंधळ उरत नाही, आणि चाचणीत शंकेला जागा ठेवायची नसते. जुन्या नोटपॅडमध्ये एएनएसआय ही जुनी पद्धत निवडून देवनागरी सेव्ह केलं तर अक्षरांची प्रश्नचिन्हं होतात आणि तो मजकूर गेलाच. मग फाइल एक्स्प्लोररच्या शोधचौकटीत इंग्रजीत 'कंटेंट', त्याला लागून कोलन आणि पुढे तो शब्द टाकला. फाइल आली नाही. दुखणं पक्कं झालं.

आता इंडेक्सिंग ऑप्शन्स उघडायचे. ज्यांचा सर्च बरा आहे ते स्टार्ट मेनूत टाइप करून उघडतात. बिघडलेला असेल तर कंट्रोल पॅनल उघडून वर उजवीकडे 'व्ह्यू बाय'मध्ये मोठी चिन्हं निवडावीत, म्हणजे यादीत 'इंडेक्सिंग ऑप्शन्स' दिसतं. या छोट्या खिडकीत सगळ्यात वर दोन गोष्टी असतात: किती नोंदी झाल्या तो आकडा आणि त्याखाली सद्यस्थितीचं वाक्य. 'इंडेक्सिंग कम्प्लीट' असं वाक्य असेल तर काम पुरं झालेलं असतं. खाली निवडलेल्या जागांची यादी आणि शेजारी गाळलेल्या फोल्डरांचा रकाना.

नोंदींच्या आकड्याबद्दल मायक्रोसॉफ्टनेच ढोबळ माप दिलं आहे. साध्या वापराच्या संगणकावर तीस हजारांच्या आत नोंदी असतात, जड वापराच्या संगणकावर तीन लाखांपर्यंत. चार लाखांपुढे वेग खालावू लागतो. दहा लाखांपर्यंत इंडेक्सर कसाबसा तग धरतो, त्यापुढे तो कोलमडू शकतो किंवा प्रोसेसर, मेमरी आणि डिस्क खाऊ लागतो. तेव्हा आकडा पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. आकडा पाच लाख असेल आणि कामाच्या फाइली वीस हजार असतील, तर बाकीचं सगळं ओझं आहे.

पुसण्याआधी लिहून ठेवायचं, हा नियम मी कधी मोडत नाही. फोनने फोटो काढणं सगळ्यात सोपं. पहिला फोटो या खिडकीचा. मग 'मॉडिफाय' दाबून उघडणाऱ्या चौकटीचा; तिथे वरच्या अर्ध्या भागात ड्राइव्ह आणि फोल्डरांची झाडासारखी मांडणी असते, खालच्या अर्ध्यात निवडीचा गोषवारा. खालचं 'शो ऑल लोकेशन्स' बटण दाबल्याशिवाय सगळ्या जागा दिसत नाहीत, आणि त्याला अॅडमिनिस्ट्रेटरची परवानगी लागते. मग 'अॅडव्हान्स्ड'. त्यातल्या पहिल्या भागात सूची कुठे ठेवली आहे तो पत्ता, एन्क्रिप्ट केलेल्या फाइलींची टिक आणि उच्चारचिन्हांची टिक. दुसऱ्या भागात 'फाइल टाइप्स': फाइलींच्या प्रकारांची लांबलचक यादी, प्रत्येकासमोर तो प्रकार वाचणाऱ्या फिल्टरचं नाव, आणि खाली दोन पर्याय, नुसते गुणधर्म घ्यायचे की गुणधर्म आणि आतला मजकूर दोन्ही. ही यादी पूर्ण टिपायची गरज नाही. डॉक, एक्सेल, पीडीएफ, टेक्स्ट आणि आपल्या कामाचे आणखी दोनचार प्रकार पाहून ठेवले की झालं.

विंडोज १० च्या १९०३ आवृत्तीपासून सेटिंग्जमध्येही एक पान आहे, विंडोज ११ मध्ये ते 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी'खाली 'सर्चिंग विंडोज' किंवा नुसतं 'सर्च' अशा नावाने येतं. तिथे 'क्लासिक' आणि 'एन्हान्स्ड' असे दोन पर्याय. क्लासिक म्हणजे वापरकर्त्याचे नेहमीचे फोल्डर आणि डेस्कटॉप. एन्हान्स्ड म्हणजे अख्खा संगणक. या संगणकावर एन्हान्स्ड होतं. रीसेटच्या आधी ते क्लासिकवर आणलं. फाइल सापडत नाही म्हणून लोक आधी हेच एन्हान्स्ड दाबतात, आणि सूचीचा फुगवटा तिथूनच सुरू होतो.

एक चेकलिस्ट मनात ठेवावी: लॅपटॉप असेल तर चार्जर लावलेला, आउटलुक बंद, सी ड्राइव्हवर मोकळी जागा, आणि लॉगिन अॅडमिनिस्ट्रेटरचं. जागा किती लागेल? सूचीचा आकार साधारणपणे मूळ फाइलींच्या दहा टक्क्यांच्या आत राहतो. चार केबीहून लहान फाइली हजारोंनी असतील, किंवा प्रोग्रामचा कोड सूचीत घेतला असेल, तर हे प्रमाण बरंच वाढतं.

आता मूळ काम. विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबून रनच्या चौकटीत 'सर्व्हिसेस', टिंब, 'एमएससी' असं इंग्रजीत टाकलं. ही सर्व्हिसेसची, म्हणजे पडद्यामागे चालणाऱ्या प्रोग्रामांची, यादी; तीत खाली 'विंडोज सर्च' दिसतं. त्यावर डबल क्लिक. 'स्टार्टअप टाइप'समोर 'ऑटोमॅटिक, डिलेड स्टार्ट' असं असायला हवं. दुसरं काही असेल तर तेही टिपून ठेवावं. मग 'स्टॉप'. ही सर्व्हिस स्वतःहून पुन्हा उठण्यात पटाईत आहे. थांबवली आणि दोन मिनिटांत परत चालू दिसली तर घाबरू नये. स्टार्टअप टाइप तात्पुरतं 'डिसेबल्ड' करून पुन्हा थांबवावी. 'स्टॉपिंग' असं म्हणत ती तशीच लोंबकळत राहिली तर डिसेबल्ड करून संगणक रीस्टार्ट करावा, तो उठल्यावर सर्व्हिस बंदच असते.

मग पुन्हा रन, आणि 'रेजएडिट'. डावीकडच्या झाडात 'एचकी लोकल मशीन', त्यात 'सॉफ्टवेअर', त्यात 'मायक्रोसॉफ्ट', आणि खाली बरंच उतरल्यावर 'विंडोज सर्च', दोन शब्दांमध्ये जागा असलेलं. याच नावाची दुसरी शाखा 'पॉलिसीज'खालीही असू शकते; ती कार्यालयाने लादलेल्या धोरणांची, तिला हात लावू नये. योग्य शाखेवर राइट क्लिक करून 'एक्स्पोर्ट' घ्यावं आणि ती फाइल डेस्कटॉपवर ठेवावी. हे अर्ध्या मिनिटाचं काम टाळलं आणि पुढे चुकीच्या ओळीवर हात पडला, तर परतीची वाट राहत नाही.

उजवीकडच्या रकान्यात 'सेटअप कम्प्लीटेड सक्सेसफुली' नावाची ओळ असते, तीन इंग्रजी शब्द मध्ये जागा न सोडता जोडून लिहिलेले. तिची किंमत १. म्हणजे सर्च नीट बसवून झालेला आहे, पुन्हा काही मांडायची गरज नाही, अशी सर्व्हिसला दिलेली ग्वाही. ओळीवर डबल क्लिक केलं, १ खोडून ० टाकला, ओके. शेजारी हेक्साडेसिमल की डेसिमल असं विचारलेलं असतं, तिकडे लक्ष द्यायचं कारण नाही, शून्य दोन्हीकडे शून्यच. बास, इतकंच. सर्व्हिस पुढच्या वेळी सुरू होते तेव्हा ही ओळ वाचते, शून्य दिसल्यावर आपण कधी बसवलोच गेलो नाही असं धरते, आणि मूळ निवडीपासून सगळं मांडायला घेते. मांडून झालं की त्या ओळीत पुन्हा १ लिहून ठेवते.

कधी कधी ओके दाबल्यावर किंमत बदलता येत नाही असा संदेश येतो. शाखेवर अॅडमिनिस्ट्रेटरला पूर्ण अधिकार नसतात, म्हणून. अशा वेळी शाखेवर राइट क्लिक, 'परमिशन्स', आणि 'अॅडमिनिस्ट्रेटर्स' या गटाला 'फुल कंट्रोल'. काम झालं की ती टिक परत काढून ठेवावी. परवानग्या मोकळ्या सोडून उठणं मला पटत नाही. आज ज्या दारातून आपण आत आलो, त्याच दारातून उद्या दुसरं कुणी येतं.

सर्व्हिसेसच्या खिडकीत परत येऊन स्टार्टअप टाइप पुन्हा 'ऑटोमॅटिक, डिलेड स्टार्ट' केलं आणि संगणक रीस्टार्ट केला. हे डिसेबल्डवरून परत आणायला विसरणं ही या सगळ्या कामातली सगळ्यात सर्रास चूक. रीसेट केला, काहीच झालं नाही, उलट सर्च पूर्ण मेला, अशी तक्रार आली की मी आधी हीच ओळ बघतो. शिवाय 'डिलेड' म्हणजे विलंबाने. विंडोज सुरू झाल्याझाल्या ही सर्व्हिस उठत नाही, बाकीची गर्दी ओसरल्यावर उठते. चार-पाच मिनिटं धीर धरावा.

मग इंडेक्सिंग ऑप्शन्स उघडले. वरचा आकडा पाच लाखांवरून थेट काही शेकड्यांवर आलेला होता, आणि बघता बघता वाढत होता. ही खिडकी उघडी ठेवली की आकडा स्वतःच बदलत राहतो. माउस हलवला की खालचं वाक्य बदलतं: वापर चालू असल्यामुळे इंडेक्सिंगचा वेग कमी केला आहे, अशा अर्थाचं. हात काढून घेतला की थोड्या वेळाने वेग परत चढतो. इंडेक्सर मुद्दामच असा बनवला आहे की माणसाच्या कामाच्या आड येऊ नये. त्यामुळे काम करता करता सूची लवकर व्हावी अशी अपेक्षा धरण्यात अर्थ नाही. दुपारी सुरू करून, पॉवरच्या सेटिंगमध्ये स्लीप बंद करून, संगणक रात्रभर चालू ठेवला. स्लीप चालू राहिला तर संगणकाबरोबर इंडेक्सरही झोपतो आणि सकाळी आकडा जिथल्या तिथे दिसतो.

मधेच अधीर होऊन रीबिल्ड दाबू नये. अर्धी झालेली सूची पुसली जाते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. या वेळात शोध अर्धवट उत्तरं देतो, आउटलुकमध्येही जुनी पत्रं सापडत नाहीत, कारण क्लासिक आउटलुकचा शोध याच सूचीवर चालतो. ऑफिसात आदल्या दिवशीच हे सांगून ठेवलेलं बरं.

आकडा एका जागी खिळला तर? तासभर तोच आकडा, आणि हात लावलेला नसतानाही हालचाल नाही, तर बहुतेक वेळा एखादी फाइल घशात अडकलेली असते. प्रत्येक प्रकारची फाइल वाचायला वेगळा फिल्टर लागतो, आणि तुटलेल्या किंवा अवाढव्य फाइलीवर फिल्टर गुंतून पडतो. ती फाइल शोधायची माझी पद्धत अर्ध्याअर्ध्याची आहे: 'मॉडिफाय'मध्ये जाऊन अर्ध्या फोल्डरांची टिक काढायची, पुढे सरकतं का पाहायचं, सरकलं तर दोषी फोल्डर काढलेल्या अर्ध्यात आहे. मग त्या अर्ध्याचे अर्धे. चार-पाच फेऱ्यांत फोल्डर हाती लागतो.

सर्व्हिस सुरूच झाली नाही, किंवा रीसेटनंतरही जुना आकडाच दिसला, तर सूचीची फाइल हाताने हटवावी लागते. ती सी ड्राइव्हवरच्या 'प्रोग्रामडेटा' या लपवलेल्या फोल्डरात 'मायक्रोसॉफ्ट', 'सर्च', 'डेटा', 'अॅप्लिकेशन्स', 'विंडोज' अशा पायऱ्या उतरल्यावर सापडते. विंडोज १० मध्ये 'विंडोज' नावाची, ईडीबी प्रकारची एकच मोठी फाइल असते. विंडोज ११ मध्ये मायक्रोसॉफ्टने एसक्यूलाइट हा डेटाबेस वापरायला घेतला, म्हणून तिथे डीबी प्रकारच्या फाइली दिसतात. सर्व्हिस डिसेबल्ड आणि थांबलेली असल्याशिवाय त्या हलत नाहीत. मी त्या पुसत नाही, शेवटच्या फोल्डराचं नाव बदलून ठेवतो. सर्व्हिस सुरू झाली की नवा फोल्डर आपोआप बनतो, आणि दोन दिवस सगळं ठीक चाललं की जुना काढून टाकता येतो. ईडीबी फाइल आटोपशीर करण्याची 'एसेंटयूटिल' नावाची सोयही विंडोजमध्ये आहे, पण सगळं नव्यानेच बनवायचं असेल तेव्हा तिचं काम नाही.

सकाळी 'इंडेक्सिंग कम्प्लीट' आलं होतं. निवडीच्या यादीत 'स्टार्ट मेनू', 'यूजर्स' आणि आउटलुक, एवढंच. 'यूजर्स'समोर गाळलेल्यांच्या रकान्यात 'अॅपडेटा' हा शब्द पुन्हा पुन्हा आलेला दिसतो, कारण संगणकावर जितकी खाती तितके अॅपडेटा. ही चूक नाही. ब्राउझर आणि इतर प्रोग्राम तिथे सतत बारीकसारीक फाइली टाकत आणि पुसत असतात. तो फोल्डर सूचीत घेतला तर इंडेक्सरला उसंत मिळत नाही. 'चिंचोकाडबा' टाकला आणि फाइल झटकन वर आली.

आणि तरीही पाच मिनिटांत तक्रार आली: डी ड्राइव्हवरचं काहीच सापडत नाही, हे तर आधीपेक्षा वाईट. आपल्याकडे गल्लीतल्या दुकानातून जोडून घेतलेल्या संगणकावर डिस्कचे सी, डी, ई असे भाग पाडून कामाच्या फाइली डी वर ठेवायची जुनी पद्धत आहे. विंडोज बिघडून सी फॉरमॅट करावा लागला तर कागद वाचावेत म्हणून. पद्धत चांगली, पण विंडोजच्या मूळ निवडीत डी ड्राइव्ह नसतो. त्यामुळे रीसेटनंतर डी वरचे कामाचे फोल्डर हाताने परत घालणं हा कामाचाच भाग आहे. अख्खा डी नाही. तिथे सिनेमे, जुन्या संगणकाचे बॅकअप, सॉफ्टवेअरच्या सेटअप फाइली असतात, त्यांचा सूचीत काय उपयोग? 'मॉडिफाय'मध्ये डी समोरचा बाण उघडून, चालू वर्षाचे हिशेब, पत्रव्यवहार, पक्षकारांचे फोल्डर, एवढ्यांवर टिक केली. एकदम सगळे घालू नयेत. एक घालावा, आकडा स्थिरावू द्यावा, शोधून पाहावं, मग दुसरा. चौथ्या फोल्डरानंतर सूची अडकली तर दोषी कोण हे तिथल्या तिथे कळतं.

पेनड्राइव्ह किंवा बाहेरच्या डिस्कचं वेगळं आहे. फाइल बदलली हे इंडेक्सरला एनटीएफएस पद्धतीच्या ड्राइव्हवर आपोआप कळतं, कारण त्या पद्धतीत बदलांची रोजनिशी राखलेली असते. बहुतेक पेनड्राइव्ह फॅट३२ किंवा एक्सफॅटचे. तिथे ही रोजनिशी नाही. ते सूचीत घालण्याच्या फंदात पडू नये. वनड्राइव्हवरच्या ज्या फाइलींवर नुसतं ढगाचं चिन्ह असतं त्या संगणकावर उतरलेल्याच नसतात, त्यामुळे त्यांच्या आतल्या मजकुराचा शोध लागत नाही, नावाचा लागतो.

डी वरचे फोल्डर घातले तरी तिथल्या फाइलींची नावंच सापडत होती, आतला मजकूर नाही. हा धडा मोठा आहे, कारण हे रीसेटने बरं होत नाही. संगणकाचा वेग वाढवण्याच्या सल्ल्यांत एक सल्ला हमखास असतो: ड्राइव्हवर राइट क्लिक, 'प्रॉपर्टीज', आणि खालची 'फाइलींचा मजकूरही इंडेक्स करू द्या' अशा अर्थाची टिक काढा. ती काढली की विंडोज त्या ड्राइव्हवरच्या प्रत्येक फाइलीवर 'मजकूर घेऊ नये' असा शिक्का मारत जातं. हा शिक्का फाइलीवर असतो, इंडेक्सच्या सेटिंगमध्ये नसतो, म्हणून इंडेक्स कितीदाही रीसेट करा, शिक्का तसाच. उपाय त्याच ठिकाणी: टिक परत करायची, 'अप्लाय' दाबल्यावर सगळ्या आतल्या फोल्डरांना लागू करायचं असं सांगायचं. मोठ्या ड्राइव्हवर याला बराच वेळ लागतो. मधे काही फाइलींना परवानगी नाही असं आडवं आलं तर 'इग्नोर ऑल'. एकाच फोल्डरापुरतं हवं असेल तर त्या फोल्डराच्या 'प्रॉपर्टीज'मध्ये 'अॅडव्हान्स्ड' दाबून तिथली टिक पाहावी.

'फाइल टाइप्स'ची यादीही पुन्हा बघावी. कोणत्या प्रकाराला कोणता फिल्टर, ही नोंद रजिस्ट्रीत दुसऱ्याच शाखेत असते, त्यामुळे शून्य टाकल्याने ती दुरुस्त होईलच असं धरून चालू नये. पीडीएफ वाचण्याचा फिल्टर आजच्या विंडोजमध्ये अंगचाच आहे, पण एखादं पीडीएफचं सॉफ्टवेअर बसवताना आपला फिल्टर तिथे लावतं, आणि ते काढून टाकल्यावर जागा रिकामीच राहते. मग पीडीएफच्या ओळीसमोर नोंदवलेला फिल्टर सापडत नाही असं लिहून येतं. ते सॉफ्टवेअर पुन्हा बसवलं की बहुतेक वेळा मार्गी लागतं.

मराठीत काम करणाऱ्यांसाठी आणखी दोन गोष्टी सांगायलाच हव्यात. जुने कागद श्रीलिपी, कृतिदेव अशा, युनिकोड म्हणजे अक्षरं साठवण्याची आजची सर्वमान्य पद्धत येण्याआधीच्या, फॉन्टांत टाइप केलेले असतील तर पडद्यावर देवनागरी दिसते, पण फाइलीत साठलेली असतात इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. इंडेक्स तीच चिन्हं सूचीत लिहितो. 'करारनामा' टाकून ती फाइल कधीच येणार नाही, कुठल्याही सेटिंगने नाही. मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्या, नाहीतर निदान फाइलीचं नाव तरी युनिकोड मराठीत द्या, म्हणजे नावावरून सापडेल. तसंच स्कॅन केलेला सातबारा किंवा खरेदीखत. पीडीएफ असला तरी आत अक्षरं नसतात, चित्र असतं. तिथे गट क्रमांक, गाव आणि वर्ष फाइलीच्या नावातच घालायची सवय लावावी.

दुसरं, 'दऱ्या', 'वाऱ्यावर' अशा शब्दांतला ऱ्य संगणकात दोन प्रकारे साठवता येतो: नुक्ता असलेल्या ऱ ला हलन्त देऊन, किंवा साध्या र ला हलन्त आणि त्यापुढे न दिसणारा जोडक देऊन. डोळ्यांना दोन्ही सारखेच. कोणता कीबोर्ड वापरला यावर ते ठरतं. असा शब्द सापडला नाही तर तो टाळून शेजारच्या दुसऱ्या शब्दाने शोधावं.

काही कार्यालयांत 'मॉडिफाय'मधल्या टिका हलतच नाहीत, किंवा सेटिंग संस्थेकडून ठरवलं जातं असं लिहून येतं. मघाशी सांगितलेली 'पॉलिसीज'ची शाखा तिथे बोलत असते. रजिस्ट्रीशी झटापट न करता तिथल्या संगणक विभागाला सांगावं. आपण बदललेलं ते धोरण पुन्हा लागू होताना पुसून टाकतं.

शेवटची तपासणी उलट्या बाजूने केली. सूची नवी झाली म्हणजे ती पुढेही ताजी राहते आहे असं नाही. चाचणीच्या फाइलीत दुसरा एक अनोखा शब्द टाकून सेव्ह केली, मिनिटभर थांबून तो शोधला, आला. मग फाइल पुसली, रीसायकल बिनही रिकामा केला, आणि पुन्हा 'चिंचोकाडबा' टाकला. या वेळी उत्तर आलं, जुळणारं काही सापडलं नाही. डेस्कटॉपवरची रजिस्ट्रीची एक्स्पोर्ट फाइल मात्र आठवडाभर तशीच राहू दिली.